मांजराचे केस कां गळतात?

चिंचवड-चाकणच्या कारखानी टापूंत वाड्यांच्या जागीं सदनिका आल्या, तरी माऊ घरांत आहेच. तिचे केस गळूं लागले कीं कोणी फिनेलनें पुसतो. पण फिनेल मांजरास विषच! आमचें सांगणें एवढेंच, कीं आधीं कारण शोधावें. बारीक फणीनें विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर दाबावे. तांबूस डाग उमटल्यास पिसवा आहेत. त्यांनीं शोषलेलें रक्तच तें. मात्र कुत्र्याचें पर्मेथ्रिनयुक्त औषध लावूं नये, मांजराच्या जिवावर बेततें. गोल चट्टे दिसल्यास गजकर्णाचा संशय घ्यावा. तें मुलांसही जडतें. तेव्हां पशुवैद्याकडून केस तपासून घ्यावे. निदानावांचून औषध म्हणजे आग रामेश्वरीं नि बंब सोमेश्वरीं!