एका कागदावर आठ चेहरे

बँकेचा अर्ज घ्या, शाळेचा घ्या, नाहीतर शिष्यवृत्तीचा घ्या. वरच्या बाजूला कोपऱ्यात एक रिकामी चौकट असते. तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘येथे फोटो चिकटवा’. आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा ती बारीक अक्षरेही वाचावीत. काही अर्जांवर फोटोचे माप तिथेच छापलेले असते. नेहमीचे माप म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच. यालाच लोक पासपोर्ट साइज फोटो म्हणतात. पासपोर्ट काढायचा नसला तरी नाव तेच!

आता असे समजा, गावात बायांचा बचत गट निघाला आहे. गटाचे खाते उघडायचे आहे. सह्या करणाऱ्या तिघीजणी आहेत. एक अध्यक्ष, एक सचिव, एक खजिनदार. बँकेने प्रत्येकीचे दोन-दोन फोटो मागितले. तिघी तालुक्याच्या गावी गेल्या. फोटोवाल्याने प्रत्येकीचे आठ-आठ फोटो दिले, कारण त्याच्या एका कागदावर आठ बसतात. तीन जणींचे तीन कागद झाले. समजा एका कागदाला पन्नास रुपये पडले, तर दीडशे रुपये गेले. लागणार होते सहा फोटो आणि हातात आले चोवीस. उरलेले अठरा फोटो डब्यात जातात. पुढच्या खेपेला फोटो लागले, की तो डबाच सापडत नाही!

हे सहाही फोटो एकाच कागदावर छापता येतात. माणसे वेगळी, फोटो वेगळे, पण कागद एक. वर आणखी दोन जागा उरतात. त्यांत नातवाचा फोटो शाळेच्या अर्जासाठी दोनदा बसतो. हे कसे करतात ते आम्ही इथे सांगणार आहोत. संगणक तुम्ही स्वतः चालवा किंवा नका चालवू. आत काय होते हे ठाऊक असले, म्हणजे फोटोवाल्याला नीट सांगता येते.

बँकेच्या खात्याचा विषय निघाला आहे, म्हणून माण तालुक्याची हकीकत सांगतो. सातारा जिल्ह्यात माण हा दुष्काळी तालुका. तिथे म्हसवड गावात बायांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. चेतना सिन्हा त्यांच्या बरोबर होत्या. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या पुष्कळ बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाया खचल्या नाहीत. त्या शिकायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. १९९७ साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बाया अक्षरे शिकल्या, तशीच आपण थोडी मापेही शिकू.

एका पत्र्यावर अनेक फोटो ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्स देशात पॅरिस शहरी दिस्देरी नावाचा एक फोटोग्राफर होता. त्या काळी एका फोटोला एक अख्खी काच लागे. त्यामुळे फोटो महाग पडे. श्रीमंतांनीच काढावा, अशी गत होती. दिस्देरीने कॅमेऱ्याला अनेक भिंगे बसवली आणि एका काचेवर बहुधा आठ लहान फोटो घेतले. मग कागदावर छापून ते कापायचे आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवायचे. १८५४ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे आपल्या शोधावरचा सरकारी हक्क. फोटो स्वस्त झाले आणि साध्या माणसांचेही फोटो निघू लागले. आपल्या फोटोवाल्याकडच्या कागदावरही आठच बसतात, ही गंमत पाहा.

आठच का बसतात? फूटपट्टी घ्या आणि मोजा. फोटोचा कागद सहा इंच लांब आणि चार इंच रुंद असतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणजे कागद १५.२४ सेंटिमीटर लांब आणि १०.१६ सेंटिमीटर रुंद झाला. कागद आडवा धरा. साडेतीन सेंटिमीटरचे चार फोटो शेजारी-शेजारी मांडले, की १४ सेंटिमीटर झाले. साडेचार सेंटिमीटरचे दोन फोटो खाली-वर मांडले, की ९ सेंटिमीटर झाले. दोन्हीकडे एक सेंटिमीटरहून थोडे जास्तच उरते. तोच कागद उभा धरलात, तर शेजारी-शेजारी दोन आणि खाली-वर तीन, असे सहाच बसतील. मोठा कागद घेतला, ज्याला ए-फोर म्हणतात, तर त्यावर पाच-पाचच्या सहा ओळी, म्हणजे तीस फोटो बसतात. सबंध वाडीचे काम होईल!

कागद म्हणजे आपले वावर समजा. वावरात आपण वाफे पाडतो. एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात कांदा, तिसऱ्यात कोथिंबीर. मधे बांध ठेवतो. इथेही तसेच. एका वाफ्यात अध्यक्ष, दुसऱ्यात सचिव. मधे पाव सेंटिमीटरचा बांध. बांध ठेवला नाही, तर कात्री चालवताना एकीचा कान दुसरीच्या फोटोत जातो.

संगणकात कागद मोजतात तो ठिपक्यांनी. दारात रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात ना, तसे. ठिपके दाट असले तर चित्र रेखीव येते. विरळ असले तर चेहरा भरड दिसतो. चांगल्या फोटोसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. सहा इंचाला १८०० आणि चार इंचाला १२०० ठिपके झाले. एका फोटोच्या वाट्याला रुंदीत ४१३ आणि उंचीत ५३१ ठिपके येतात. एवढे दोन आकडे वहीत टिपून ठेवावेत.

फोटो मांडण्यासाठी संगणकात चित्रे दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर लागते. फोटोवाल्यांकडे बहुधा फोटोशॉप असते. ते विकत घ्यावे लागते. गिंप नावाचे दुसरे आहे, ते फुकट मिळते. अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते करायला घेतले आणि सर्वांना मोकळे ठेवले. आम्ही गिंपची रीत सांगतो. पडद्यावर नावे इंग्रजी असतील. आम्ही त्यांचे उच्चार देतो, म्हणजे कानाला ओळख राहील.

पहिल्याने प्रत्येकीचा फोटो वेगळा उघडून कडेचा फालतू भाग कापून घ्यावा. डोक्याच्या वर थोडी जागा राहू द्यावी आणि खाली खांदे यावेत. कापताना रुंदी आणि उंची यांचे प्रमाण साडेतीनास साडेचार असेच ठेवावे. मग ‘फाईल’मध्ये जाऊन ‘न्यू’ म्हणावे, म्हणजे नवा कोरा कागद मिळतो. त्याला १८०० आणि १२०० हे आकडे द्यावेत, आणि एका इंचात ३०० ठिपके असे सांगावे. पुढे ‘फाईल’मधलेच ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ घ्यावे. लेयर म्हणजे थर. सगळे फोटो एकदम निवडले, की ते त्या कागदावर एकावर एक येऊन पडतात, भाकरीच्या चळतीसारखे. वरची भाकरी तेवढी दिसते. खालच्या असतातच, त्यांनी घाबरून जाऊ नये. एकेक थर निवडून ‘स्केल लेयर’ने त्याला ४१३ आणि ५३१ हे माप द्यावे. मग तो सरकवून आपल्या वाफ्यात नेऊन ठेवावा. दुसरी प्रत हवी असेल तर थराची नक्कल करावी. त्याला ‘डुप्लिकेट लेयर’ म्हणतात.

माप देताना दोन आकड्यांच्या शेजारी साखळीचे एक लहान चित्र दिसते. ती साखळी जोडलेली असू द्यावी. जोडलेली असली, की रुंदी बदलली तर उंचीही त्याच प्रमाणात बदलते. साखळी तुटलेली असली आणि कुणी नुसती रुंदी ओढली, तर माणूस पसरट दिसतो. नुसती उंची ओढली, तर चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांबतो. काही जण चौकट भरावी म्हणून मुद्दाम ओढतात. असा फोटो घेऊ नये. बँकेतला माणूस फोटो पाहतो, मग समोरच्या बाईकडे पाहतो. दोन्ही जुळली नाहीत तर अर्ज परत येतो, आणि एक दिवसाची मजुरी बुडते.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुळीच पटत नाही. या सॉफ्टवेअरने चेहरा गोरा करता येतो. डाग, तीळ, सुरकुत्या पुसता येतात. म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर नि हनुवटीवर गोंदण असते. डाग समजून कुणी तेही पुसून टाकील. तेव्हा आधीच सांगावे, “दादा, गोंदण ऱ्हाऊ द्या. माझी वळख हाय ती.”

मांडणी झाली, की छपाई. इथे घोटाळा होतो. छापताना संगणक विचारतो, चित्र कागदाला बसेल असे लहान-मोठे करू का? त्याला ‘फिट टू पेज’ म्हणतात. ते नको. खरे माप हवे, म्हणजे शंभर टक्के. नाहीतर साडेतीनचा फोटो सव्वातीनचा होतो, नाहीतर पावणेचारचा. पहिला कागद निघाला, की त्यावर फूटपट्टी ठेवावी. फोटोवाल्यासमोरच ठेवावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिंप्याकडे आपण माप पाहतोच की!

फोटोवाला कधी म्हणेल, “मावशी, तिघींचे एका कागदावर होत नाहीत.”

तेव्हा म्हणावे, “व्हतंय की! चार आडवे, दोन वळी. आमाला दोन-दोनच पायजेत.”

वेगवेगळे फोटो मांडायला त्याला थोडा वेळ जास्त लागतो. त्याचे पाच-दहा रुपये त्याने जास्त मागितले तर द्यावेत. त्याचेही पोट आहे. तरी तीन कागदांपेक्षा एक कागद स्वस्तच पडेल.

विंडोजच्या संगणकावर एक झटपट रीतही आहे. अनेक फोटो एकदम निवडून माउसचे उजवे बटण दाबायचे आणि ‘प्रिंट’ म्हणायचे. मग एका कागदावर दोन, चार किंवा नऊ फोटो, अशा तयार मांडण्या बाजूला दिसतात. पण त्यांत आपले पासपोर्टचे माप नेमके मिळत नाही. शिवाय खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ अशी एक खूण आधीच केलेली असते. ती राहिली तर चौकट भरण्यासाठी फोटोच्या कडा कापल्या जातात, आणि कधी कपाळच जाते. अर्जासाठी ही रीत नको. घरच्या फोटोंसाठी ठीक आहे.

घरच्या फोटोंवरून सांगली जिल्ह्याची आठवण झाली. साताऱ्याच्या शेजारचा हा जिल्हा. तिथले खानापूर, तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते. खानापूर, आटपाडी भागातली पुष्कळ माणसे गलाईचा धंदा करतात. गलाई म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणे. त्यासाठी ती देशभर पांगली आहेत. एक भाऊ केरळात, दुसरा बंगालात, आई-बाप गावी. सगळे एका जागी उभे राहून फोटो कधी निघायचा? अशा वेळी ज्याने त्याने आपल्या ठिकाणी फोटो काढून पाठवावा. सहा फोटो ए-फोर कागदावर दोन-दोनच्या तीन ओळींत मांडावेत. प्रत्येकाची चौकट ९ सेंटिमीटर लांब-रुंद ठेवली, तर आडवे बांध बरोबर एकेक सेंटिमीटरचे पडतात. भिंतीवर एकाच चौकटीत सगळे घर दिसते. इथे एकाचा फोटो मोठा, दुसऱ्याचा लहान केला तरी चालेल. आई-बापांचा मोठा करून मधे ठेवला तर शोभतो. अर्जाच्या फोटोंत मात्र ही मोकळीक नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना एक काळजी घ्यावी. साधा पाठवला तर वाटेत त्याचे ठिपके कमी होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. काम झाले, की मांडलेल्या कागदाची फाईल आपल्या फोनवर मागून घ्यावी. पुढच्या वेळी नुसती छपाई करावी लागेल. आणि फोटोवाल्याच्या संगणकातली आपली फाईल समोर पुसायला लावावी. आधार कार्डाची नक्कल तिथे दिली असेल, तर तीही. आपला चेहरा आणि आपला नंबर परक्याच्या संगणकात एकत्र पडून राहू नये.

आता कापायचे. साध्या कात्रीने कापताना कड वाकडी जाते. म्हणून आधी फूटपट्टी धरून बांधाच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मारावी, मग कापावे. कापल्यावर फोटोच्या मागे ज्याचे त्याचे नाव लिहावे. तेही पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन दाबून लिहिले, की अक्षर पुढे चेहऱ्यावर उमटते.