पत्र, दृष्टी आणि अभिज्ञान : ‘लेटर फ्रॉम अ‍ॅन अननोन वूमन’

स्टेफान झ्वाइग यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेवर आधारलेला ‘लेटर फ्रॉम अ‍ॅन अननोन वूमन’ हा माक्स ओफुल्स दिग्दर्शित कृष्णधवल हॉलिवूडपट १९४८ साली प्रदर्शित झाला. व्हिएन्नात घडणारी ही शोकात्म प्रेमकथा माध्यमांतराच्या संदर्भात एक मूलभूत प्रश्न उपस्थित करते : एका व्यक्तीच्या पत्रातील निवेदन दृश्यरूप घेते, तेव्हा पाहणारा कोण असतो?

दोन्ही कृतींचा सांगाडा समान आहे. एका पुरुषावर आयुष्यभर प्रेम करणारी, त्याच्या अपत्याची माता झालेली स्त्री मृत्यूच्या छायेत त्याला पत्र लिहिते. त्याला मात्र ती आठवत नाही. कथेतील पुरुष कादंबरीकार आहे. चित्रपटात तो पियानोवादक स्टेफान ब्रँड (लुई जुर्दां) होतो. कथेतील स्त्री निनावी राहते. चित्रपटात तिला लिसा बर्न्डल (जोन फाँटेन) हे नाव लाभते.

पत्रनिवेदनाची मर्यादा ओफुल्स जिन्याच्या दोन दृश्यांतून सूचित करतात. पहिल्या दृश्यात किशोरवयीन लिसा वर उभी राहून स्टेफानला एका स्त्रीसह घरी येताना पाहते. पुढे लिसा स्वतःच त्याच्यासोबत जिना चढते, तेव्हा कॅमेरा पुन्हा त्याच जागी असतो. परंतु आता तेथे लिसा नसते. आपणही त्या अनेकींपैकी एक ठरत आहोत, हे तिच्या पत्रात न उमटणारे सत्य केवळ प्रेक्षकाला दिसते. येथे दृष्टी निवेदनापासून विलग होते आणि शोकात्म उपरोध निर्माण होतो.

शेवटातील बदल याहून अर्थपूर्ण आहे. कथानायकाच्या मनात केवळ एक अस्पष्ट, धूसर स्मृती जागी होते. चित्रपटात मात्र स्टेफानला लिसा आठवते. तिचे नाव त्याला लिहून देतो तो त्याचा मुका सेवक. ज्याला वाचा नाही, त्यानेच तिची ओळख जपलेली असते. पहाटेचे द्वंद्व चुकवून पळ काढण्याच्या तयारीत असलेला स्टेफान पत्र वाचून झाल्यावर द्वंद्वाला सामोरा जातो.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात विवेचिलेले अभिज्ञान येथे पत्रवाचनातून घडते. ते लिसाला वाचवू शकत नाही. पण वाचणाऱ्याला उत्तरदायी बनवते. वाचन म्हणजे केवळ आस्वाद नव्हे, तर दुसऱ्याच्या अस्तित्वाची उशिरा का होईना दिलेली कबुली होय, हा आशय ओफुल्स यांच्या माध्यमांतराने मूळ कथेत घातलेली मौलिक भर म्हणावी लागेल.