अनिश्चित पावसाळा आणि वाणाची निवड

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर परिसरात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची मुख्य पिके होत. कोरडवाहू शेतीत पाऊस दगा देण्याचा संभव असता कोणता वाण घ्यावा, या निर्णयावर शेतकऱ्याचे सारे वर्ष अवलंबून असते.

या भागास हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथील लांब धाग्याचा बणी कापूस 'हिंगणघाटी' या नावाने विलायतेपर्यंत गाजला. पुढे शेतकऱ्यांनी तो सोडून आखूड धाग्याच्या, परंतु काटक व रुईचा उतारा अधिक देणाऱ्या जाती पत्करल्या. धाग्याच्या कीर्तीपेक्षा पदरात पडणारा माल त्यांना मोलाचा वाटला.

वाण निवडताना प्रथम जमिनीची खोली पाहावी. हलक्या, मुरमाड जमिनीत ओल थोडेच दिवस टिकते. तेथे कमी मुदतीचा वाण हितावह होय. खोल काळ्या जमिनीत मध्यम मुदतीचा वाण चालतो. सोयाबीनचा जेएस ९३-०५ हा वाण सुमारे ८५ ते ९० दिवसांत, तर जेएस ३३५ सुमारे ९५ ते १०० दिवसांत तयार होतो. तुरीच्या बीडीएन ७११ या वाणास सुमारे १५० ते १५५ दिवस, तर 'आशा' या वाणास १८० किंवा अधिक दिवस लागतात. पाऊस लवकर उघडल्यास हे अंतर निर्णायक ठरते. कारण उशिरा येणाऱ्या तुरीच्या शेंगा भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल संपलेली असते.

तथापि कमी मुदतीचा वाण हा सर्व संकटांवरील उपाय नव्हे. सप्टेंबरात पाऊस लांबल्यास लवकर पिकलेले सोयाबीन शेतातच भिजते व शेंगांतील दाण्यांस कोंब फुटतात. हवामान खात्याचा एप्रिल व मे महिन्यांतील अंदाज हंगामाचा व विस्तृत प्रदेशाचा असतो. त्यावरून एका गावाच्या पावसाचे दिवस ठरत नाहीत. म्हणून सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली न आणता निरनिराळ्या मुदतीचे दोन वाण विभागून पेरावेत आणि सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे. एक वाण फसला तरी दुसरा हात देतो.

पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासावी. सोयाबीनचे निदान ७० दाणे उगवले पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च दुप्पट होतो आणि हंगामाचे दिवसही जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे खरेदीपूर्वीच शेतकऱ्यांची बैठक घेऊन प्रत्येकाच्या जमिनीनुसार ही निवड समजावून द्यावी.