तारपा ऐकायला डहाणू लोकल

१६ एप्रिल २०१३ पासून लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरचा हा प्रवास साध्या लोकलच्या तिकिटात होतो. तरीही मुंबईकर कुटुंबाची सहल समुद्र आणि चिकूपाशीच संपते. तिची संध्याकाळ डहाणूजवळच्या तलासरीतल्या एखाद्या पाड्यावर तारप्याच्या मैफलीत जावी, असं मला ठामपणे वाटतं. वाळवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचं हे वारली वाद्य वादक दम न तोडता फुंकत राहतो. कमरेला हात गुंफलेले नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. सूर बदलला की पावलं बदलतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या चित्रांतून हे रिंगण जगाने पाहिलं. त्याचा नाद मात्र इथे येऊनच ऐकायला हवा.

तारपा भाताच्या हंगामाशी आणि श्रद्धेशी बांधलेला आहे, त्याचं प्रदर्शन मांडू नये, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच वेळ, जागा आणि मानधन पाड्याने ठरवावं, पाहुण्यांनी ते पाळावं. दुसरी अडचण परतीची. विरारपुढे लोकल मोजक्या, कारण त्याच मार्गांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. तलासरी गावाला तर रेल्वे स्टेशनच नाही. तेव्हा मैफल दुपार कलताच सुरू व्हावी आणि तलासरीहून डहाणू रोडला परतीच्या लोकलशी जुळणारी एसटी मिळावी. एवढं जमलं, तर कलेचं मोल कलावंताच्या दारात पोचेल.