आधी पाणी, मग फणी

कोरड्या केसांना फणी लावायची नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. माझी लेक सात वर्षांची आहे. मी मूळची पुण्याची, तिचे बाबा न्यूअर्कमधल्या आफ्रिकन-अमेरिकन घरातले, आणि आमचा संसार न्यू जर्सीत. दोन्हीकडचं काही ना काही तिच्या डोक्यावर आलंय, पण प्रत्येकाने आपली जागा वेगळी धरली आहे. मानेपाशी बोटभर जाडीची सैल वळणं, कानांमागे पेन्सिलीभोवती गुंडाळावीत एवढी वेटोळी, आणि टाळूवर इतकी बारीक, घट्ट कुरळी की ओली बट ताणून धरली तर पाठीपर्यंत येते आणि सोडली की हनुवटीपाशी जाऊन बसते.

केसांच्या बाटल्यांवर 'थ्री बी', 'थ्री सी', 'फोर ए' असे प्रकार छापलेले असतात. ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी 1990 च्या दशकात ही वर्गवारी रूढ केली. दुकानात ती उपयोगी पडते. पण एकाच डोक्यावर तीन प्रकार असले की बाटली बाजूला ठेवून हाताने चाचपावं लागतं. कुठली बट पाणी पटकन पिते, कुठल्या बटेवरून ते ओघळून जातं, हे बोटांनाच कळतं.

केसाचं वळण कातडीखालीच ठरतं. केस ज्या कूपातून उगवतो तो कूपच वाकडा असला, की केस वळणं घेत वर येतो. त्याचा आडवा छेदही गोल नसतो, चपटा असतो. टाळूला सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते मुळांशीच अडकून राहतं. म्हणून टोकं कायम तहानलेली, आणि प्रत्येक वळण ही केस तुटायची जागा. रोज विंचरावं, रोज शाम्पू करावा, ही सरळ केसांची शिस्त या केसांना मानवत नाही.

आमचा वॉश डे शनिवारी असतो. तो कसा करायचा हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. मी त्यांना मॉम म्हणते, लेक ग्रॅनी म्हणते. मी सोफ्यावर बसते, लेक खाली उशीवर, तिची पाठ माझ्या गुडघ्यांमध्ये. आदल्या रात्री लावलेलं खोबरेल अजून केसांत असतं. शेजारी पाण्याची फवाऱ्याची बाटली, कंडिशनरचा मोठा डबा, रुंद दातांची फणी, भांग पाडायला बारीक शेपटीचा कंगवा, आणि चाप. आधी सगळं डोकं पाण्याने भिजवायचं. नुसतं वरवर नाही, आतपर्यंत. मग भांग पाडून आठ भाग करायचे, सात चापांत बंद करायचे आणि एकच हातात घ्यायचा. मॉमचं म्हणणं असं की, सगळं डोकं मोकळं ठेवलं की काम करणाऱ्याचा धीर सुटतो, आणि धीर सुटला की हात ओढू लागतो.

हातातल्या भागाला कंडिशनर सढळ हाताने चोपडायचा, इतका की बट बोटांतून निसटली पाहिजे. मग फणी नाही, बोटं. तर्जनी आणि अंगठ्याने टोकाकडून चाचपत वर जायचं. गुंता लागला की थांबायचं, त्याच्या वर, मुळाकडच्या बाजूला, दुसऱ्या हाताने बट घट्ट धरायची, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. मग गुंत्याला आणखी पाणी, आणखी कंडिशनर, आणि त्यातून एकेक केस बाजूला काढायचा. बोटं मोकळी फिरू लागली की मगच फणी, तीही टोकांपासून: आधी शेवटचे दोन इंच, मग चार, मग मुळापर्यंत. मुळापासून खाली ओढलेली फणी सगळे छोटे गुंते ढकलत नेते आणि खाली त्यांची एक मोठी गाठ करून ठेवते. कधीकधी एकाच केसाची स्वतःशीच गाठ बसलेली सापडते, खसखशीच्या दाण्याहून लहान, चिमटीत कचकन लागणारी. ती सुटत नाही. धारदार कात्रीने तिच्या जरा वर कापायची. ओढली तर केस मधेच तुटतो. सुटलेल्या भागाचा दुपेडी पीळ घालायचा, चाप लावायचा, आणि पुढचा भाग हातात घ्यायचा. मानेवरच्या भागाला सगळ्यांत जास्त वेळ जातो. केस तिथे सैल असले तरी कोटाची कॉलर आणि गाडीतली सीट त्यांना दिवसभर घासत असते.

या कामात मूठभर केसांचा गुंडा निघतो. माझ्या आईने तो पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर पाहिला तेव्हा ती घाबरलीच: "अगं, पोरीचे केस गळतायत, डॉक्टरांना दाखव." पण माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. सरळ केस उशीवर आणि फरशीवर पडून जातात. कुरळे केस गळले तरी बाकीच्यांच्या वेटोळ्यांत अडकून राहतात, आणि आठवड्याची सगळी गळती शनिवारी एकदम हाती येते.

त्यानंतरचं न्हाणं झटपट होतं. पीळ तसेच ठेवून फक्त टाळूला शाम्पू, पाणी, पुन्हा थोडा कंडिशनर. पुसायला जुना सुती टी-शर्ट, कारण टॉवेलच्या धाग्यांत वेटोळी अडकतात. पुसायचं म्हणजे चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. केस ओलसर असतानाच क्रीम लावायचं आणि मग ठरवायचं: मोकळे, पीळ की वेण्या.

खोबरेल तेलाविषयी मात्र मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथे माझ्या आईचं आणि मॉमचं सूत जुळलं. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यापूर्वी लावा की नंतर, केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो, हे त्यांनी त्याचं कारण दिलं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच केलेला हा अभ्यास आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. पण आदल्या रात्री तेल लावलेले केस पाण्यात कमी फुगतात आणि बोटांना कमी झुंजवतात, हे मी दर शनिवारी पाहते. मॉम शिआ बटर वापरत आल्या, आईचा भरवसा खोबरेलावर. आता धुण्याआधी खोबरेल आणि धुतल्यावर टोकांना शिआ अशी वाटणी झाली आहे. एक गोष्ट दोघींनाही मान्य आहे. तेलाने ओलावा येत नाही. ओलावा पाण्याने येतो, तेल फक्त तो धरून ठेवतं. कोरड्या केसांवर नुसतं तेल थापलं तर केस चमकतात आणि तरीही तुटतात.

लेकीचं जावळ आम्ही पुण्याला केलं, मामाच्या मांडीवर बसवून, रीतसर. जमलेल्या बायकांपैकी दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन धीर दिला: "आता येतील ते सरळ येतील हो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वस्तरा कातडीच्या वर चालतो आणि वळण असतं कातडीच्या खाली. लहान मुलांच्या केसांचा पोत पहिल्या काही वर्षांत बदलतोही; हिचे आले ते आधीपेक्षा घट्ट कुरळे आले. पुढे एका सुट्टीत पुण्यातल्याच एका पार्लरमध्ये टोकं कापायला गेलो, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "स्ट्रेटनिंगच करून टाका ना, रोजचा त्रास जाईल." लेक तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला मराठी उत्तम कळतं.

मी नाही म्हटलं, त्याला एक कारण रसायनांचं आहे. अमेरिकेत सुमारे 33,500 स्त्रियांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी संस्थेच्या अभ्यासात, केस सरळ करण्याची रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी वाढत्या वयाच्या मुलीच्या टाळूवर ते घालायला मी तयार नाही.

दुसरं कारण 'त्रास' हा शब्द. गुडघ्यांमध्ये बसलेलं मूल डोक्यावर बोललेलं सगळं ऐकतं. मॉमच्या लहानपणी शनिवारी रात्री, रविवारच्या चर्चसाठी, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ केले जायचे. कान दुमडून धर, हलू नकोस, असं सांगितलं जायचं. कानाला बसलेले चटके त्यांना आठवतात, पण त्याहून जास्त आठवतं ते आजूबाजूच्या मोठ्यांचं उसासे टाकणं. म्हणून त्यांनी मला फणी धरायला शिकवण्याआधी गप्पा मारायला शिकवलं. काम चालू असताना शाळेची गोष्ट चालते, भुताची चालते, पाढेही चालतात. "बाई गं, केवढा हा गुंता" हे चालत नाही. लेकीचं डोकं हळवं आहे. दुखलं की ती हात वर करते आणि मी हात थांबवते. झिपऱ्या, झिंज्या हे शब्द आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही मी वापरू देत नाही. काहींना हे फार वाटतं. वाटू दे.

केसांवरून मुलांना बाहेर काय सोसावं लागतं, ते आमच्याच राज्यात घडलं आहे. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शालेय कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, बटा काप नाहीतर सामना सोड. आणि आखाड्याच्या कडेलाच त्याचे केस कापले गेले. बरोबर वर्षाने, 19 डिसेंबर 2019 ला, केसांच्या पोतावरून किंवा वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या क्राउन कायद्यावर राज्यपालांची सही झाली. कॅलिफोर्नियाने असा कायदा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, सगळ्यांत आधी केला होता.

वेण्या मॉम घालतात. टाळूला धरून जाणाऱ्या बारीक वेण्या, कॉर्नरो, मला अजून सरळ रेषेत जमत नाहीत. वेणी सुबक दिसावी म्हणून घट्ट घालायचा मोह होतो, आणि नुकसान तिथेच होतं. कपाळाच्या कडेचे केस सगळ्यांत नाजूक. भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या किंवा मुळांशी बारीक पुटकुळ्या उठल्या, तर वेणी त्याच दिवशी सोडायची. सततच्या ताणाने त्या कडेचे केस जातात आणि पुढे परतही येत नाहीत. टोकांना मणी लावायचे ते लेकीच्या पसंतीचे. तिच्या खोलीत व्हीनस विल्यम्सचा मण्यांच्या वेण्यांतला फोटो आहे. 1999 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मणी सुटून कोर्टावर पडले म्हणून व्हीनसला एक गुण गमवावा लागला, ही गोष्ट लेक रागाने सांगते. मॉम प्रत्येक मण्याखाली रबराची दुहेरी गाठ मारतात.

यंदा जुलैत आम्ही पुण्याला होतो. पावसाळी हवेत केस आपोआप फुगतात, म्हणून क्रीम निम्मं केलं आणि ग्लिसरीनवालं घरीच ठेवलं. आईने लेकीला पाटावर बसवलं आणि म्हणाली, एक भाग मला दे. तिने तेल लावलं, पाणी मारलं आणि सवयीने फणी वरून टेकवली. "आजी, टोकापासून," लेक म्हणाली. आईने फणी खाली नेली. मागचे दोन भाग तिने एकटीने सोडवले, जरा वेळ घेत, सतत बोलत. सुती उशी केसांतला ओलावा शोषते, म्हणून लेक रात्री साटीनची टोपी घालते, आणि ती आम्ही अमेरिकेतच विसरलो होतो. आईने ब्लाउजच्या उरलेल्या साटीनच्या अस्तराचं टोपडं शिवलं. पहिल्या रात्री त्याचं इलॅस्टिक कपाळाच्या कडेला रुतलं. सकाळी तिने ते उसवलं आणि त्यात सैल नाडी ओवली.