चूक फळ्याची होती!

शिक्षकाला आपली चूक कबूल करणे फार जड जाते. मला तर त्यासाठी एक अख्खी रात्र लागली, आणि तीही भिजवलेल्या हरभऱ्यांच्या मदतीने!

बारावीच्या वर्गात मी दह्यातले लॅक्टिक आम्ल शिकवीत होतो. त्याच्या रेणूत मधल्या कार्बनला चार निरनिराळे गट जोडलेले असतात. फळ्यावर मी एक रेणू काढला, शेजारी त्याचे आरशातले प्रतिबिंब काढले आणि सांगितले, "हे दोन रेणू वेगळे." तोच एक मुलगी उठून म्हणाली, "सर, दुसरा पालथा घातला की पहिलाच होतो की!" वर्ग हसला. मी वैतागून म्हटले, "पुस्तकात दिलंय ना? पाठ कर." ती मुकाट्याने खाली बसली.

घरी येऊन तेच चित्र कागदावर काढले, कापले, पालथे घातले. खरेच जुळले! पोरीचे काय चुकले होते? फळा सपाट, रेणू काही सपाट नाही.

उसळीसाठी हरभरे भिजत होतेच. एका हरभऱ्यात दात कोरायच्या चार काड्या टोचल्या. कोणत्याही दोन काड्यांत सुमारे १०९.५ अंशांचा कोन येईल अशा. टोकांना गाजर, काकडी, बटाटा आणि बीट यांचे तुकडे लावले. मग दुसरा तसाच केला, फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल करून. कसेही फिरवा, दोन टोके जुळली की उरलेली दोन चुकत! डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात जात नाही, त्यातलाच प्रकार.

गंमत अशी, की ही ठेच थोरामोठ्यांनाही लागली आहे. १८६५ साली लंडनमध्ये हॉफमनने क्रोकेच्या खेळातले चेंडू सळयांनी जोडून रेणू दाखवले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन आणि तांबडा ऑक्सिजन हे त्याचे रंग आजच्या संचांतही आहेत. पण त्याचे रेणू सपाट होते. १८७४ मध्ये हॉलंडच्या बावीस वर्षांच्या व्हांट हॉफने कार्बनचे हात चार दिशांना असतात असे मांडले आणि पुठ्ठ्याचे नमुने करून शास्त्रज्ञांना धाडले. १८७७ मध्ये कोल्बे या नामांकित जर्मन प्राध्यापकाने त्याची जाहीर टिंगल केली. पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफलाच मिळाले, जरी ते दुसऱ्या कामासाठी होते. कोल्बेची गोष्ट आठवून त्या रात्री मी मात्र ओशाळलो.

हा डावा-उजवा भेद म्हणजे नुसता परीक्षेचा प्रश्न नव्हे. पुदिन्याच्या आणि बाळंतशोपाच्या वासामागे कारवोन नावाचा एकच पदार्थ आहे. अणू तेच, जोडणी तीच. फक्त एक रेणू दुसऱ्याचे प्रतिबिंब! आपल्या नाकाला तो फरक बरोबर कळतो. आपल्या शरीरातली प्रथिनेही जवळजवळ सर्वस्वी डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांचीच बनलेली असतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मी म्हणालो, "काल हिचं बरोबर होतं. चित्र माझं अपुरं होतं." दोन्ही नमुने तिच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट फिरवून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हसून म्हणाली, "नाही जुळत, सर!"

आता वर्गात नमुन्यांचे संच आहेत, आणि फोनच्या पडद्यावरही रेणू गरगर फिरतात. तरी पहिल्या दिवशी मी अजून हरभरेच नेतो. वाचकहो, आपल्या मुलाने "हे असं कसं?" म्हणून विचारले, तर पाठ कर म्हणण्याआधी त्याच्या हातात काहीतरी द्या.