पालवी फुटली म्हणजे पक्षी परतले?

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, मरे नदीच्या आसपास, तांबड्या वाळूवर बुटक्या निलगिरीचं रान पसरलं आहे. एकाच बुंध्यातून चार-सहा खोडं फुटलेली ही झाडं आणि तो सारा मुलूख, दोन्हींना ‘मॅली’ म्हणतात. झाडांखाली स्पिनिफेक्स या टोकदार पात्यांच्या गवताचे गोल पुंजके असतात. उन्हाळ्यात कोरडी वीज पडते, वणवा पेटतो आणि हजारो हेक्टर रान काळं होतं. मग दुर्बीण, जीपीएस आणि पाण्याचे कॅन घेऊन पक्षी मोजायला जी माणसं आत शिरतात, त्यांतली पुष्कळशी पदरमोड करून आलेली हौशी मंडळी असतात. त्यांच्या कामाबद्दल आणि वणव्याबद्दलही काही समज इतके घट्ट बसले आहेत की त्यांची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते.

सर्वांत पक्का समज असा : ऑस्ट्रेलियातली झाडं आगीला सरावलेली आहेत, त्यामुळे तिथले पक्षीही सरावलेले असणार. यातला पहिला भाग खरा आहे. मॅलीच्या बुंध्याशी, जमिनीखाली एक फुगीर गाठ असते. वरचं सगळं जळलं तरी त्या गाठीतून काही महिन्यांत नवे कोंब येतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला रान हिरवं दिसतं आणि संकट टळल्यासारखं वाटतं. पण मॅली इमू-रेन हा जेमतेम पाच ग्रॅमचा पक्षी झाडावर अवलंबून नसतो. त्याचं सगळं आयुष्य स्पिनिफेक्सच्या पुंजक्यांत जातं. घरटं तिथेच, लपणंही तिथेच. जळालेलं गवत पुन्हा त्याच्या उपयोगाचं व्हायला साधारण पंधरा वर्षं तरी लागतात. शिवाय हा पक्षी उडण्यात अगदी दुबळा. वणवा आला तर लांब पळता येत नाही आणि मधला पट्टा उघडा पडला की पलीकडच्या रानातून नवे पक्षी येऊ शकत नाहीत.

याचा परिणाम दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने पाहिला आहे. नगारकाट आणि बिलियाट या राखीव क्षेत्रांतली इमू-रेनची वस्ती आधीच्या आगींनी विरळ झाली होती. २०१४च्या वणव्यांत उरलेलीही गेली आणि त्या राज्यातून हा पक्षी नाहीसा झाला. २०१८मध्ये व्हिक्टोरिया राज्यातून पक्षी आणून नगारकाटमध्ये सोडण्याचा प्रयत्न झाला. निलगिरीला पालवी फुटते तशी पक्ष्यांची वस्ती आपोआप फुटत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

दुसरा समज शिकलेल्या लोकांत जास्त आढळतो. थोडं जुनं, थोडं नवं, थोडं ताजं जळालेलं असं ठिगळाठिगळांचं रान राखलं की प्रत्येक जातीला काही ना काही मिळेल. ऐकायला पटतं. ला ट्रोब आणि डीकिन विद्यापीठांच्या संशोधकांनी मरे-मॅलीत चार-चार किलोमीटर व्यासाचे २८ भूभाग निवडून हे तपासलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ठिगळं वाढल्याने पक्ष्यांच्या जाती वाढत नव्हत्या. जुनं, फार वर्षं न जळलेलं रान जिथे जास्त, तिथे जाती जास्त होत्या. हा निष्कर्ष आला तेव्हा धोरण उलट दिशेला चाललं होतं. २००९च्या भीषण वणव्यांनंतर नेमलेल्या आयोगाने व्हिक्टोरियातल्या सार्वजनिक जमिनीपैकी दरवर्षी किमान ५ टक्के जमीन नियोजनपूर्वक जाळावी, अशी शिफारस केली होती. माणसांचे जीव वाचवण्याचा हेतू योग्यच होता. पण वस्तीपासून दूर असलेल्या मॅलीला हाच आकडा लावणं चूक होतं, असं मला ठामपणे वाटतं. पुढे ते उद्दिष्ट सोडून धोक्याच्या अंदाजावर आधारलेलं धोरण आलं.

‘हौशी लोकांच्या नोंदींवर काय विसंबायचं?’ हा प्रश्नही नेहमी येतो. मोजणी मनाला येईल तशी होत नाही. तिथली रूढ पद्धत म्हणजे दोन हेक्टरांचा तुकडा आणि वीस मिनिटं. तेवढ्यात दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, मग तो दुर्मिळ असो की रोजचा. ठिकाण आधी ठरलेलं असतं, आवडीची जागा निवडायची मुभा नसते. आणि काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. नवख्याला हे शून्य लिहिताना वाईट वाटतं, पण पक्षी कुठे उरला नाही हे त्या शून्यांशिवाय कळतच नाही. एका शून्यावरून मात्र काही ठरवत नाहीत. त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा गेल्यावरच पक्षी नव्हता की नुसता नजरेतून सुटला, याचा हिशेब मांडता येतो. इमू-रेनच्या बाबतीत तर कानाचाही प्रश्न येतो. त्याचा आवाज इतका बारीक आणि उंच पट्टीतला की उतारवयातल्या अनेक निरीक्षकांना तो ऐकूच येत नाही. अशा वेळी जोडीला तरुण कान हवेत.

पक्षी दिसलाच पाहिजे असंही नाही. कोंबडीएवढा मॅलीफाउल वाळू आणि पाचोळ्याचा मोठा ढिगारा रचून त्यात अंडी उबवतो. स्वयंसेवक माहीत असलेल्या ढिगाऱ्यांना ठरावीक काळाने भेट देतात आणि कोणता वापरात आहे ते नोंदवतात.

मग आग सगळीकडेच वाईट का? तसंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटात न्गुरुरपा समाजाच्या रेंजरांनी शास्त्रज्ञांसोबत ध्वनिमुद्रक लावून नाइट पॅरट या पक्ष्याचा शोध घेतला. २०२४मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार तिथे ५०पर्यंत पक्षी असावेत. हे रेंजर स्वयंसेवक नाहीत, तो त्यांचा स्वतःचा मुलूख आहे. नाइट पॅरटलाही स्पिनिफेक्सचे जुने पुंजकेच लागतात. पण तिथे विजेने पेटणारी मोठी आग अडवायची तर आजूबाजूचं गवत विचारपूर्वक थोडं थोडं जाळणं उपयोगी पडतं. कुठे जाळायचं आणि कुठे काडीही ओढायची नाही, हे पक्षी कुठे आहेत ते कळल्यावरच ठरवता येतं.

राहिली एक भीती : इतकी माणसं गेली तर पक्ष्यांना त्रास होईल. ती अगदीच निराधार नाही. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावलं तर तो घरटं सोडून हद्द राखायला धावतो. म्हणून दुर्मिळ जातींसाठी ही पद्धत परवानगीशिवाय वापरू नये, आणि त्यांची नेमकी जागा जाहीर नकाशांवरून लपवतात. आज मॅली इमू-रेनचे मूळ रानटी थवे फक्त व्हिक्टोरियाच्या मोजक्या राखीव क्षेत्रांत उरले आहेत, आणि तिथल्या न जळलेल्या स्पिनिफेक्समध्ये त्यांची मोजणी चालू ठेवणं ही पुढच्या वणव्याआधीची सर्वांत तातडीची गरज आहे.